खनिजाचे वय आणि आमची घाई

परशुरामाने बाण सोडून समुद्र मागे हटविला आणि ही भूमी निर्माण केली, ही कथा गोमंतकीय पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आला आहे. हे कधी घडले, असे कोणी विचारीत नाही. भूशास्त्रज्ञ मात्र किनारपट्टी केव्हा तयार झाली हेच विचारतात, आणि त्याचे उत्तर त्यांना खाणींतील काळ्या दगडांत गवसले आहे.

आमच्या डोंगरांतील लोहाचे थर सागरतळाशी साचले त्यास अडीचशे कोटी वर्षे केव्हाच उलटून गेली. पण तो झाला नुसता लोहयुक्त खडक. त्यातील सिलिका पावसाच्या पाण्याने युगानुयुगे विरघळवून नेली, लोह मागे उरले, तेव्हा कोठे बार्जांत भरून मुरगावला नेण्याजोगे खनिज सिद्ध झाले. याच झिजेतून मँगनीजचे काळे खडे जन्मले. त्यांत पोटॅशियम असते. त्याचा एक किरणोत्सर्गी प्रकार सुमारे १२५ कोटी वर्षांत निम्मा होतो; त्यातून निघणारा आर्गॉन वायू खड्यात अडकून राहतो. तो मोजला की खड्याची जन्मवेळ कळते. ज्योतिषाला हेवा वाटावा अशी ही कुंडली!

गेल्या दशकात फ्रेंच व भारतीय संशोधकांनी घाटमाथ्यावरचे आणि पायथ्याकडचे खडे असे तपासले. पायथ्याकडच्या जुन्यांचे वय साडेचार कोटी वर्षांच्या आसपास निघाले. म्हणजे दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिल्यानंतर फार काळ लोटण्यापूर्वीच सह्याद्रीचा कडा उभा होता आणि त्याच्या पायाशी पावसाने आपले काम आरंभिले होते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली खाणी थांबविल्या, २०१४ साली वार्षिक २ कोटी टनांची मर्यादा घातली, २०१८ साली ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. डिसेंबर २०२२ पासून लिलाव सुरू झाले. या साऱ्या काळात चर्चा झाली ती ट्रकांची, बार्जांची आणि महसुलाची. ज्यांच्या चुली खाणींवर पेटत होत्या त्यांची व्यथा आम्ही जाणतो. पण कोट्यवधी वर्षांत एकदाच साठलेला ऐवज विकून आलेला पैसा हे उत्पन्न नव्हे, ती भांडवलाची विक्री होय. तो वर्षाच्या खर्चात जिरविण्यास आमचा स्पष्ट विरोध आहे. विक्रीच्या किमान १० टक्के रक्कम कायम निधीत टाकण्याचे २०१४ च्या निकालाने सांगितले. सरकारने हा आकडा तळ मानावा, छत नव्हे, आणि निधीचा हिशेब दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा.