दप्तर नव्या डिस्कवर नेताना

ऑगस्ट २०२३ मध्ये अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले आणि मराठवाड्यातली जुनी दप्तरं पुन्हा उघडली. सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. खासरा पत्रकं, कोतवाल बुकं, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरं यांतून ‘कुणबी’ नोंदी शोधणं सुरू झालं. कुठे मोडी, कुठे निजामकाळातली उर्दू. सापडलेल्या नोंदींचे स्कॅन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढले. पणजोबांच्या नावाच्या ज्या एका पानावर आज पणतवाचा कुणबी दाखला अडलेला असतो, ते पान आता हार्डडिस्कवरही आहे. कागदाला लागलेली वाळवी डोळ्यांना दिसते. कॉपी करताना बिघडलेली फाइल मात्र कोणी उघडेपर्यंत कळत नाही. म्हणून असा साठा एका डिस्कवरून दुसरीवर कसा न्यायचा, हे नीट समजून घ्यायला हवं. लिनक्सवर त्यासाठी लागणारं सगळं फुकट मिळतं.

आधी आकार पाहू. ए-फोर आकाराचं एक पान ३०० डीपीआयला रंगीत स्कॅन केलं आणि दाबून लहान केलं नाही, तर सुमारे २६ एमबी होतं. लाखभर पानांचे अडीच टीबीहून जास्त. जुन्या यूएसबी २ पोर्टमधून सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे वीस तासांहून अधिक. तीच डिस्क यूएसबी ३ ला लावून १२० एमबीचा वेग मिळाला, तर सहा तासांत काम होतं. फाइली लहान आणि अगणित असतील तर दोन्हीकडे वेळ वाढतो.

आपल्याकडे वीस तास सलग वीज राहील याची खात्री कोण देणार? साधी ‘सीपी’ आज्ञा मध्येच थांबली, तर कुठवर आलो होतो याची नोंद ती ठेवत नाही. इथे ‘आरसिंक’ कामाला येतो. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात तो लिहिला, तो संथ नेटवर्कवरून फाइलीचा फक्त बदललेला भाग पाठवता यावा म्हणून. एकाच संगणकाला जोडलेल्या दोन डिस्कांमध्ये तो हा खटाटोप करत नाही, अख्खी फाइल उचलतो. तरीही त्याच्या दोन सवयी मोलाच्या आहेत. आकार आणि बदलाची वेळ जुळली की ती फाइल तो सोडून देतो. त्यामुळे वीज आल्यावर तीच आज्ञा पुन्हा दिली की उरलेलं काम पुढे चालू होतं. आणि चालू फाइल तो तात्पुरत्या नावाने लिहितो, पूर्ण झाल्यावरच तिला खरं नाव देतो.

‘ए’ हा पर्याय द्यायलाच हवा, नाहीतर तारखा आणि परवानग्या हरवतात. स्रोत फोल्डरच्या नावाशेवटी तिरपी रेघ दिली तर आतला माल जातो, नाही दिली तर फोल्डरच आत जाऊन बसतो. आधी ‘एन’ लावून रंगीत तालीम घ्यावी, म्हणजे काहीही न लिहिता काय घडणार ते कळतं.

मराठी नावांची एक अडचण इंग्रजी मार्गदर्शिकांत सापडणार नाही. लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी४ मांडणीत फाइलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षर एक बाइट घेतं. देवनागरीतलं अक्षर आणि मात्राही प्रत्येकी तीन. ‘जालना’ एवढ्यालाच पंधरा लागतात. म्हणजे हिशेब ८५ चिन्हांवर थांबतो. गाव, तालुका, नमुना, वर्ष असं लांबलचक नाव विंडोजवर चालून गेलेलं असतं; इथे ती फाइल ‘नाव फार लांब’ म्हणून अडते आणि लाखभरांत एक गाळली गेलेली लक्षात येत नाही. शेवटचे त्रुटीसंदेश वाचल्याशिवाय उठू नये.

कॉपी संपली असं पडद्यावर दिसलं, तरी काही मजकूर अजून रॅममध्येच असू शकतो. डिस्क रीतसर अनमाउंट करावी आणि पुन्हा जोडावी, म्हणजे पुढची तपासणी खरोखर डिस्कवरून होते. मग ‘ए’, ‘सी’, ‘एन’ आणि ‘आय’ हे पर्याय लावून आरसिंक पुन्हा चालवावा. ‘सी’मुळे तो दोन्हीकडचा मजकूर वाचून ताडतो आणि फरक असलेल्या फाइलींची नावं दाखवतो. याला कॉपीइतकाच वेळ लागतो, तो द्यावा.

त्याहून पक्कं काम म्हणजे ‘एसएचए-२५६’ची यादी. ती बनवणारी आज्ञा प्रत्येक फाइलीचा ६४ चिन्हांचा ठसा काढते. एक बिंदू बदलला तरी ठसा वेगळा येतो. जिल्हाधिकारी कार्यालयांना विनंती एवढीच की, जुन्या नोंदींचे स्कॅन संकेतस्थळावर ठेवताना त्यांच्या ठशांची यादीही शेजारी ठेवावी. मग गावातल्या कोणालाही आपल्याजवळची प्रत मूळ फाइलीशी तंतोतंत जुळते का, हे घरच्या संगणकावर तपासून घेता येईल.