कँब्रियन ‘स्फोट’ किती एकाएकी झाला?

कँब्रियन काळात प्राणी एकाएकी अवतरले, त्याआधीच्या खडकांत त्यांच्या पूर्वजांचा मागमूसही नाही, हा समज जुना आहे आणि एकेकाळी त्याला आधारही होता. ही आपल्या सिद्धांतापुढची गंभीर अडचण आहे, असं डार्विनने १८५९ मध्ये स्वतःच लिहिलं होतं. पण १९४६ मध्ये रेग स्प्रिग या भूवैज्ञानिकाला दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एडियाकारा टेकड्यांत मऊ शरीराच्या जीवांचे ठसे सापडले आणि चित्र पालटू लागलं. सुमारे ५५.५ कोटी वर्षांपूर्वीच्या किंबरेला या जीवाच्या ठशांजवळ समुद्रतळावरचा सूक्ष्मजीवांचा थर खरवडून खाल्ल्याचे पंख्यासारखे ओरखडे आहेत. क्लाउडिना या जीवाच्या चुनखडी नळ्या सुमारे ५५ कोटी वर्षं जुन्या. त्यांतल्या काहींना कुणीतरी पाडलेली बारीक भोकं आहेत, म्हणजे बहुधा शिकारही तेव्हाच सुरू झाली होती. कँब्रियनचा आरंभ ५३.९ कोटी वर्षांपूर्वीचा, तर ट्रायलोबाइटचे सर्वांत जुने जीवाश्म सुमारे ५२.१ कोटी वर्षांपूर्वीचे. मधली पावणेदोन कोटींहून अधिक वर्षं बिळांच्या खुणांनी आणि इवल्याशा कवचांनी भरलेली आहेत.

मग स्फोट झालाच नाही का? झाला. प्राण्यांच्या बहुतेक मुख्य शरीररचना याच काळातल्या खडकांत प्रथम दिसतात आणि भूवैज्ञानिक कालमानात हा वेग थक्क करणारा आहे. त्यातच कवच आलं, की जीवाश्म होण्याची शक्यता कैकपट वाढते. त्यामुळे प्राणी वाढले हे खरं आणि ते जास्त टिकले हेही खरं. ‘एकाएकी’ या शब्दात या दोन्ही गोष्टींची गल्लत होते.

खरा बिनतोड वाटणारा आक्षेप वेगळाच आहे: कँब्रियनपूर्वीचे हे ठसे प्राण्यांचेच कशावरून? डिकिन्सोनिया या चपट्या, लंबगोल, घड्या पडल्यासारख्या दिसणाऱ्या जीवाबद्दल हा वाद कित्येक दशकं चालला. २०१८ मध्ये रशियातल्या श्वेत समुद्राकाठच्या ५५.८ कोटी वर्षं जुन्या नमुन्यांवर सेंद्रिय द्रव्याचा पातळ पापुद्रा टिकलेला मिळाला. त्यात कोलेस्टेरॉलचे अवशेष विपुल होते आणि ही प्राण्यांची ओळख आहे. निव्वळ आकारावर मात्र विसंबता येत नाही. भोपाळजवळच्या भीमबेटका गुहेत डिकिन्सोनिया असल्याचा दावा २०२१ मध्ये झाला. २०२३ मध्ये तो मधमाश्यांच्या पोळ्याचा उरलेला डाग ठरला. त्या डागाचा फोटो ‘भारतातला सर्वांत जुना प्राणी’ म्हणून तुमच्याकडे आला, तर कृपया पुढे पाठवू नका.