मुक्या साथीदाराची जबानी

‘साथ’ या शब्दात आपण दोन माणसे गृहीत धरतो. गायकाने अनपेक्षित जागा घेतली की तबलजी मान वर करून पाहतो. कोण कुठे गेले, हे दोघांनाही त्याच क्षणी कळते. संगणकाच्या साथीत ही नजरभेट नाही. तिची उणीव कशी भरून काढायची, याचे एक उत्तर मला ‘म्युझिकल मिडी अकंपनिमेंट’ किंवा ‘एमएमए’ या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये सापडले. कॅनडातील बॉब व्हॅन डर पोल यांनी ते पायथन भाषेत लिहिले आहे.

यात आपण वाजवत नाही, लिहितो. साध्या मजकुराच्या फाइलीत लय, शैली (इथला शब्द ‘ग्रूव्ह’) आणि प्रत्येक बारची कॉर्ड नोंदवायची. ड्रम, बास, गिटार यांचे तपशील एमएमए रचते आणि मिडी फाइल हाती देते. हिशोब कॉर्डचा असल्याने रागसंगीताला तिचा उपयोग नाही, हे आधीच सांगतो. अनोळखी कॉर्ड लिहिली तर काम तिथेच थांबते आणि ओळीचा क्रमांक कळतो. खरी अडचण येते ती सगळे सुरळीत पार पडूनही तेराव्या बारला काही खटकते तेव्हा. कॉर्ड भलती लिहिली गेली, शैलीच तशी आहे, की एखाद्या चलात (म्हणजे व्हेरिएबलमध्ये) नको ती किंमत शिरली? कान एवढे सांगू शकत नाही.

म्हणून साथीदाराला बोलते करावे लागते. त्याची एक वाट कमांड लाइनची. सॉफ्टवेअर सुरू करतानाच आडवी रेघ आणि एक अक्षर द्यायचे: ‘ई’ दिले तर चलांच्या किमती बसवून झालेल्या ओळी दिसतात, ‘ओ’ने वाचलेल्या फाइलींची नावे, ‘पी’ने वाजवण्याचे नमुने. ‘एन’ दिले तर मिडी तयारच होत नाही, नुसती तपासणी होते. ‘डी’ मात्र एवढे बोलते की त्या गर्दीत हवे ते हरवते. मार्गदर्शिकाही ते मुख्यतः सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांसाठी असल्याचे सांगते. ‘डब्ल्यू’ने सूचना बंद करता येतात. मी त्या कधीच बंद करत नाही. ‘एम’ ही बारची कमाल मर्यादा, मुळात 500. गाण्याला एवढे बार कशाला लागतील? पण ‘गोटू’ आज्ञा चुकीच्या जागी पडली तर गाणे स्वतःभोवतीच फिरत राहते, आणि तेव्हा हाच आकडा त्याला थांबवतो.

कमांड लाइनवरचा पर्याय सुरुवातीपासूनच लागू होतो. आपल्याला चौकशी हवी असते ती फक्त तेराव्या बारची. त्यासाठी ‘डीबग’ ही आज्ञा फाइलीतच लिहिता येते: बारच्या आधी ‘एक्स्पांड’ चालू, नंतर बंद. इथे एक बारीक पेच आहे. ‘बंद’ लिहिताना आपण धरून चालतो की आधीही ते बंदच होते. पण कोणी कमांड लाइनवरून ते मुद्दाम चालू केले असेल तर? आपल्या एका ओळीने त्याची चौकशी अर्ध्यावर तुटेल. म्हणून एमएमएमध्ये ‘डीबग’ नावाचे एक चल सध्याची स्थिती सांगते आणि ‘लास्टडीबग’ हे दुसरे, शेवटच्या बदलापूर्वीची. ‘बंद’ न म्हणता ‘पूर्वी होते तसे’ म्हणता येते. दुसऱ्याच्या घरातला दिवा आपण लावला असेल तरच विझवावा, तसे हे आहे. मात्र ही स्मृती एकाच पावलाची. एका बदलाच्या पोटात दुसरा आला की जुनी स्थिती पुसली जाते. मग किमती थप्पीने रचून ठेवणारी ‘स्टॅकव्हॅल्यू’ कामी येते. शेवटी ठेवलेली किंमत आधी परत मिळते.

एवढे करूनही एक गोष्ट निसटते. वादन यांत्रिक वाटू नये म्हणून एमएमए ठोका किंचित मागेपुढे सरकवू शकते, जोर कमीजास्त करू शकते, मधूनच एखादा स्वर गाळू शकते, आणि हे सारे यादृच्छिक आकड्यांच्या जोरावर. त्यामुळे मघाशी खटकलेला ठोका पुन्हा ऐकायला जावे तर तो तिथे नसतोच. अशा वेळी ‘आरएनडीसीड’ला मी एखादा ठरावीक आकडा देतो, म्हणजे प्रत्येक वेळी तेच चढउतार येतात. दोष सापडला की ती ओळ काढून टाकतो.