बालकांच्या मानसशास्त्रीय चाचण्यांची निवड

बालकाची विकासावस्था, बुद्धी अथवा सामाजिक परिपक्वता अजमावण्यासाठी त्याचे वय, भाषा व तपासणीचा हेतू यांना अनुरूप अशी चाचणी ठरविण्याची क्रिया. चाचणीचा गुणांक सार्थ ठरतो, तो ज्या मुलांवर तिचे प्रमाणीकरण झाले त्यांच्यासारख्याच मुलाला ती दिली असता. लहान वयात ही अट विशेष जाचक होते. शाळेमुळे येणारी समान भाषा व समान सवयी या वयाच्या मुलांजवळ नसतात. उलट मूल साध्या शाळेत जाणार की विशेष शाळेत, यासारखे दूरगामी निर्णय मात्र याच वेळी घेतले जातात.

बुद्धिमापनाचा उगमच अशा निर्णयाच्या गरजेतून झाला. साध्या वर्गात ज्यांची प्रगती होत नाही अशी मुले ओळखण्यासाठी आल्फ्रेद बीने व तेओदोर सीमाँ यांनी १९०५ मध्ये पॅरिस येथे पहिली मापनश्रेणी तयार केली. तिचे मराठी व कन्नड भाषिक मुलांसाठी संस्करण व्ही. व्ही. कामत यांनी केले व त्यासंबंधीचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. बीने-कामत चाचणी तीन वर्षांच्या वयापासून देता येते. वेक्स्लरच्या बालश्रेणीचे भारतीय रूप आर्थर मॅलिन यांनी नागपूर येथे सिद्ध केले (१९६९). तीत सहा शाब्दिक व पाच कृतिप्रधान उपचाचण्या असून ती सहा वर्षांपुढील मुलांसाठी आहे. अडीच वर्षांपर्यंतच्या अर्भकांसाठी प्रमिला फाटक यांनी बडोदे येथे बेली श्रेणीवरून विकासमापनश्रेणी बनविली. तीत ६७ कारक व १६३ मानसिक घटक आहेत. भाटिया यांची कृतिचाचणी-माला (१९५५) भाषेवर फारशी अवलंबून नाही, म्हणून ती लहान मुलांना सोयीची वाटते. परंतु तिची प्रमाणके अकरा वर्षांपासूनची असल्याने या वयात ती निरुपयोगी आहे.

वयाचा प्रश्न अशा रीतीने पुस्तिका पाहून सुटतो. भाषेचा सुटत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगी (ता. महागाव) व पुसद या भागांतील बंजारा तांड्यांत घरची बोली गोरमाटी आहे. तांड्यावरून पहिलीत नुकत्याच आलेल्या मुलाला मराठी शब्दार्थ विचारले व तो गप्प राहिला, तर त्यातून त्याच्या बुद्धीविषयी काहीच कळत नाही. प्रश्न आयत्या वेळी गोरमाटीत सांगणे हा उपायही पुरा नव्हे. भाषांतराने प्रश्नाची काठिण्यपातळी बदलते. अंकस्मरणासारख्या साध्या उपचाचणीतही अंकवाचक शब्दांच्या लांबीने फरक पडतो. अशी उत्तरे निरीक्षण म्हणून नोंदवावीत, त्यांवरून गुणांक काढू नये.

सेग्वीनचा आकारफलक येथे अधिक उपयोगी पडतो. दहा लाकडी आकार आपापल्या खाचांत बसवावयाचे असतात आणि तीन प्रयत्नांपैकी सर्वांत कमी वेळ धरतात. सूचना खुणेनेही देता येतात. तथापि भाषाविरहित चाचणी ही संस्कृतिमुक्त असतेच असे नाही. ज्याने पेन्सिल क्वचितच हाती धरली, त्याच्या मनुष्याकृतीच्या चित्रात किंवा व्यूहाच्या रेषेत सरावाचा अभावच प्रथम दिसतो. म्हणून मातेच्या मुलाखतीवर आधारलेली, मॅलिन यांनीच रूपांतरित केलेली व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी जोडीला घेणे इष्ट. अर्थात तिचेही तारतम्य हवे. आई हाताने भरवीत असेल, तर मुलाला स्वतः जेवता येत नाही असे ठरत नाही. आणि सहाव्या वर्षी शेळ्या राखणे वा धाकटे भावंड सांभाळणे हे श्रेणीच्या वयक्रमात नीट बसत नाही.

चाचणीपूर्वी दृष्टी व श्रवण यांची तपासणी झालीच पाहिजे. कमी ऐकू येणारे मूल मंदबुद्धी ठरविले जाण्याचा प्रमाद नवा नाही.

गुणांक हा बिंदू नसून पट्टा असतो. प्रमाण विचलन १५ व विश्वसनीयता ०·९१ असेल, तर मापनाची प्रमाणत्रुटी ४·५ येते. म्हणजे ७५ हा गुणांक वस्तुतः सुमारे ६६ ते ८४ यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो. बौद्धिक अक्षमतेची रूढ सीमारेषा ७० ही या पट्ट्यातच पडते. त्यातच प्रमाणके जुनी होतात. जेम्स फ्लिन यांनी १९८४ व १९८७ मध्ये अनेक देशांच्या आधारसामग्रीवरून दाखविल्याप्रमाणे पुढील पिढ्यांचे गुण वाढत गेल्याने जुन्या प्रमाणकांवर गुणांक फुगतो. परकी भाषा गुणांक उतरविते, शिळी प्रमाणके तो चढवितात. दोन्ही चुका परस्परांना छेदतील असे मानणे मात्र भाबडेपणाचे होय.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये प्रमाणपत्रासाठी होणाऱ्या तपासणीत या मर्यादांना विशेष महत्त्व आहे, कारण तेथे आकड्यावर सवलती अवलंबून असतात. पाच वर्षांखालील मुलाच्या बाबतीत सामान्यतः बौद्धिक अक्षमतेऐवजी सार्वत्रिक विकासविलंब असे निदान करतात. दोन वर्षांखालील विकासांकावरून शालेय वयातील बुद्धीचे अनुमान, तीव्र मंदत्वाची उदाहरणे वगळता, फारसे करता येत नाही. त्यामुळे शाळाप्रवेशाच्या सुमारास पुन्हा चाचणी घेणे आवश्यक असते.