वाळकी अळिंबी आणि किरणांचा बोलबाला

या सदरात आज लासलगावचा कांदा येणार होता. तो आठवडाभर थांबेल. टिकून राहण्याची त्याला तशीही सवय आहे. मध्येच कुरुंदवाडच्या एका ताईंचा प्रश्न आला. त्या धिंगरी अळिंबी पिकवतात आणि वाळवून पाकिटं भरतात. गॅमा किरण दिले की जंतू मरतात, पण अळिंबीतली अँटिऑक्सिडंटंही जळून जातात, असं त्यांच्या कानावर आलंय. खरं का?

जळत काही नाही. १० किलोग्रे हा चांगला दणकट डोस. ती सगळी ऊर्जा पाण्यात उष्णता होऊन उतरली, तरी पाणी अडीच अंशांनीसुद्धा तापत नाही. नुकसान होतं ते दुसऱ्या वाटेनं. किरण पाण्याचे रेणू फोडतात, त्यातून हायड्रॉक्सिलचे आडदांड तुकडे सुटतात आणि समोर येईल त्या रेणूवर तुटून पडतात. ताज्या धिंगरीत शेकडा ९० च्या आसपास पाणी. कडक वाळलीत जेमतेम दहा. मग तुकडे सुटणार किती आणि सुटले तरी फिरणार कुठे? म्हणून वाळका माल मोठा डोस सोसतो.

हळदीचंच बघा. वाशीच्या प्रकल्पात २००० सालापासून मसाल्यांना किरण दिले जातात. त्याच्या आदल्याच वर्षी ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या मंडळींचा हळदीवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. किरण दिलेल्या हळदीच्या अर्काची अँटिऑक्सिडंट ताकद होती तशीच राहिली. लवंग आणि जायफळात तर गॅलिक आम्ल वाढलेलं दिसलं. हुरळून जायचं कारण नाही: मोठी टॅनिनं तुटली आणि त्यांचे तुकडे मोजणीत आले, एवढंच. पोर्तुगालमध्ये ब्रागांसाच्या संशोधकांनी रानअळिंबीवर प्रयोग केले. तिथेही किरणांपेक्षा वाळवण्या-गोठवण्याचा परिणाम जास्त निघाला.

माझं घोडं नेमकं इथंच अडतं. सगळे किरणांना धारेवर धरतात, वाळवणाकडे कुणी बघत नाही. आमच्या वाडीचं वांगं चिरून ताटात ठेवा, बघता बघता काळं पडतं. एका एन्झाइमच्या मदतीनं हवेतला ऑक्सिजन त्यातली फिनॉलं खर्ची घालतो. अळिंबीतही हाच कारभार. श्रावणात कृष्णा-पंचगंगा फुगलेल्या, हवा ओलीकिच्च. अशात पसरलेली धिंगरी दोन-दोन दिवस नुसती चिंबट राहते आणि कडेकडेनं तपकिरी होत जाते. तो रंग म्हणजे खर्ची पडलेली फिनॉलं, म्हणजेच ताई, तुमची अँटिऑक्सिडंटं. पाकीट किरणांपर्यंत पोचण्याआधीच गेलेली! पावसाळ्यात अंगणाचा नाद सोडा, ड्रायर पन्नास अंशांच्या आसपास ठेवा आणि पापडासारखी कट्‌कन मोडेपर्यंत वाळवा. पाकीट हवाबंद हवं, कारण ई जीवनसत्त्व मात्र किरणांना खरोखर हळवं असतं आणि ऑक्सिजन सोबतीला असला की आणखीच.

उन्हाळ्यात मात्र थोडं ऊन जरूर दाखवा. उन्हातले अतिनील किरण अळिंबीतल्या अर्गोस्टेरॉलचं ड जीवनसत्त्व करतात. त्या किरणांबद्दल कुणाची तक्रार ऐकली नाही.

ताईंनी विचारलं नाही, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही: किरण दिलेला माल पकडतात कसा? धुळीवरून. उघड्यावर वाळलेल्या मालावर वाऱ्यानं बारीक माती बसतेच. त्यातले क्वार्ट्झ-फेल्डस्पारचे कण किरणांची ऊर्जा अडकवून ठेवतात. प्रयोगशाळेत ती धूळ वेगळी काढून तापवली की अडकलेली ऊर्जा उजेड होऊन बाहेर पडते. हा उजेड डोळ्यांना नव्हे, यंत्राला दिसतो. मग त्याच धुळीला ठरावीक डोस देऊन पुन्हा तापवतात आणि दोन्ही उजेड ताडून बघतात. पाकिटावर किरणप्रक्रियेचं हिरवं गोल चिन्ह नाही आणि पहिलाच उजेड भरभक्कम निघाला, तर माल कुठून फिरून आला हे व्यापाऱ्याला सांगावं लागतं.