भीती रिकाम्या टाकीची

परभणी जिल्ह्यातलं, सेलू तालुक्यातलं वालूर हे तिथल्या जुन्या बारवेसाठी ओळखलं जातं. भोवतालचा सगळा पट्टा कापूस आणि सोयाबीनचा. अशा भागात पंचवीस-तीस वर्षं राबलेला ट्रॅक्टर ही काही नवलाची गोष्ट नाही. महिंद्राने १९६३ मध्ये अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर भागीदारी केली, त्यातून आलेला बी-२७५ किंवा झेटरच्या धर्तीवरचे एचएमटी ही नावं जुन्या मेकॅनिकांच्या तोंडी अजून असतात. इंजिनचं बोअर करता येतं, पिस्टन-रिंगा बदलता येतात. पत्र्याच्या डिझेल टाकीकडे मात्र ती गळू लागेपर्यंत कुणाचं लक्ष जात नाही. बॉनेट उचलावं तर टाकीच्या पोटाला धुळीचा काळा, ओला थर बसलेला असतो आणि खालच्या नळीवर थेंब लोंबत असतो. पेरणी तोंडावर आलेली असली की मग जो तो सल्ला देतो, आणि त्यातले काही सल्ले जिवावर बेतणारे असतात.

सगळ्यात घातक सल्ला असा: “टाकी रिकामी केलीय ना, मग मारा वेल्डिंग!”

खरं तर पेटतं ते डिझेल नव्हे, त्याची वाफ. तीही हवेत ठराविक प्रमाणात मिसळली तरच. पेट्रोलच्या बाबतीत हे प्रमाण हवेच्या साधारण १.४ ते ७.६ टक्के आहे. डिझेलच्या वाफेला तर एक टक्क्याहूनही कमी प्रमाण पुरतं. काठोकाठ भरलेल्या टाकीत वाफेला आणि हवेला जागाच नसते. टाकी रिकामी केली की पत्र्याला चिकटलेला पातळ थर उरतो, सांध्यांच्या घडीत आणि आतल्या आडव्या पट्ट्यांमागे चार थेंब उरतात, बाकी सगळी पोकळी हवेची. म्हणजे स्फोटाचं सगळं साहित्य बंद डब्यात तयार.

याचं जगाला माहीत असलेलं उदाहरण आकाशातलं आहे. १७ जुलै १९९६ रोजी टीडब्ल्यूए ८०० हे बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालं आणि काही मिनिटांतच हवेत फुटलं. २३० माणसं गेली. अमेरिकेच्या तपास यंत्रणेने ठपका ठेवला तो मधल्या टाकीतल्या वाफ आणि हवेच्या मिश्रणावर. ती टाकी जवळजवळ रिकामी होती. इंधन पेट्रोल नव्हतं, केरोसीनच्या जातीचं होतं. खालच्या वातानुकूलन यंत्रांनी ती टाकी तापली होती.

हे लक्षात घेतलं की “डिझेल काही काडीने पेटत नाही” या दाव्याची किंमत कळते. थंडीतल्या सकाळी तो बऱ्याच अंशी खराही असतो. पण आयएस १४६० या भारतीय मानकानुसार डिझेलचा ज्वलनांक, म्हणजे ठिणगीने पेटण्याइतकी वाफ ज्या तापमानाला तयार होते ते, किमान ३५ अंश असला म्हणजे पुरे. युरोपात हीच मर्यादा ५५ आहे. परभणीत मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि बऱ्याच ट्रॅक्टरांची टाकी इंजिनच्याच वर बसवलेली. पेटायला लागणारी वाफ तिथे वेल्डिंगच्या आधीच हजर असू शकते. शिवाय वेल्डिंगची कांडी टेकली की पत्र्याच्या आतल्या बाजूचा तो पातळ थर क्षणात उडून वाफ होतो, ते वेगळंच. कथलाच्या डाखाचंही तसंच. डाखाचं कथील-शिशाचं मिश्रण १९० अंशांच्या आसपास वितळतं, पण डाख द्यायचा तापवलेला खड्या तीनशेच्या पुढे असतो. डिझेलची वाफ तर सव्वादोनशेच्या आसपास ठिणगीविनाही पेटू शकते.

“निरमा घालून दोनदा धुतली” यावरही भिस्त ठेवता येत नाही. पाणी घडीत शिरत नाही, तेल शिरतं. वास येत नाही म्हणून वाफ नाही, हा हिशेबही कच्चाच, कारण माणसाचं नाक थोड्या वेळात त्या वासाला सरावतं. वाफाऱ्याने नीट धुतलेली आणि गॅस मोजायच्या यंत्राने तपासलेली टाकीच जाणत्या वेल्डरने हाती घ्यावी. ती सोय नसेल तर ज्योत नकोच.

एक युक्ती मोठी हुशारीची वाटते: सायलेन्सरचा धूर टाकीत सोडायचा, म्हणजे आतला प्राणवायू निघून जाईल. विमानांच्या टाक्यांत आता नायट्रोजन भरतात तो याच विचाराने. पण डिझेल इंजिन मुळात गरजेपेक्षा कितीतरी जास्त हवा ओढतं. ते नुसतं सुरू ठेवलं असता धुरात १५ टक्क्यांहून जास्त प्राणवायू राहू शकतो. आग थोपवायला तो साधारण ११-१२ टक्क्यांखाली यावा लागतो. म्हणजे टाकीत धूर जातो आणि धोका जागच्या जागी राहतो.

आता जरा बरी बातमी. गळणाऱ्या टाकीला दर वेळी भोकच असतं असं नाही. डिझेल पत्र्यावरून सरकत जाऊन भलत्याच ठिकाणी टपकतं. टाकी बाहेरून कोरडी पुसावी, खडूची पूड चोळावी आणि अर्ध्या तासाने बघावं. काळी रेघ जिथे सुरू होते तिथे गळती. पुष्कळदा ती कॉकच्या आट्यांत, तांब्याच्या वायसरात किंवा इंधनकाट्याच्या गॅस्केटमध्ये सापडते. काही रुपयांत काम होतं.

भोक बारीक असेल तर ओला साबण दाबून लावण्याची जुनी रीत अंधश्रद्धा नव्हे. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही, म्हणून शेतातून घरापर्यंत निभावतं. पाण्यात मात्र विरघळतो. पहिल्याच पावसात संपला. इपॉक्सी लांबी जास्त टिकते, पण पत्रा घासून चकचकीत केलेला, कोरडा आणि तेलमुक्त हवा. टपकत्या भोकावर थापली तर ती पकडतच नाही.

गंजाबद्दलही उलटीच समजूत आहे. बाहेरून रंग मारला की टाकी वाचली, असं वाटतं. डिझेल टाकी बहुधा आतून सडते. अर्धी टाकी रात्रभर उभी राहिली की हवेतला दमटपणा थंड पत्र्यावर जमतो, पाणी जड म्हणून तळाशी बसतं आणि तळ खातं. म्हणून काम आटोपल्यावर संध्याकाळी टाकी भरून ठेवणं आणि तळातलं पाणी अधूनमधून सोडून देणं हे रंगापेक्षा कामाचं. ठिगळाला जस्ताचा पत्रा घेऊ नये: वेल्डिंगमध्ये त्याचा धूर विषारी असतो आणि आतून जस्त डिझेलशी जुळत नाही, फिल्टर तुंबवणारा गाळ होतो.

तळ जागोजागी विरला असेल तर ठिगळं लावत बसण्यात अर्थ नाही. जुन्या, खूप खपलेल्या मॉडेलांच्या टाक्या सुट्या भागांच्या बाजारात अजून मिळतात.

टाकी चढवल्यावर शेवटचा गैरसमज उभा राहतो. ट्रॅक्टर सुरू होत नाही आणि कुणीतरी म्हणतं, “पंप गेला.” बहुतेक वेळा नळीत हवा अडकलेली असते. नवा फिल्टर घालावा, फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करावा, हातपंप मारत राहावं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग धार. धार आली की स्क्रू आवळावा आणि मगच सेल्फ मारावा.