मुलांसाठी माइनक्राफ्ट घेताय? पैसे भरण्याआधी घरचा लॅपटॉप एकदा तपासा

गेल्या दिवाळीत माझ्या भाच्याने गल्ला फोडला. नऊ वर्षांचा आहे, इचलकरंजीला राहतो. आजीने दिलेल्या नोटा, पाहुण्यांनी जाताना हातावर टेकवलेले पैसे, सगळं मोजून ताईने ते मला यूपीआयने पाठवलं आणि मागोमाग भाच्याचा व्हॉइस मेसेज आला, "मामा, माइनक्राफ्ट घे. खरावाला. यूट्यूबवर असतो ना, तसला." मी पुण्यात ऑफिसमध्ये जेवणाच्या सुट्टीत होतो. पाच मिनिटांत गेम घेतला आणि लॉगिन कसं करायचं ते ताईला पाठवून दिलं. संध्याकाळी तिकडे 'प्ले' दाबलं तर एक छोटी खिडकी उघडली: जीएलएफडब्ल्यू एरर ६५५४२. गेम सुरूच होईना.

दिवसभर सॉफ्टवेअर लिहून पोट भरणाऱ्या माणसाने दोन चुका केल्या होत्या. एक, ज्या मशीनवर गेम चालवायचा ते मशीन बघितलंच नाही. दोन, गेम भलत्याच अकाउंटवर घेतला. दुसरी चूक जास्त महागात पडली. पण आपण सुरुवात तिथूनच करू, जिथून मी करायला हवी होती.

नक्की कोणता माइनक्राफ्ट?

माइनक्राफ्ट २०११ साली पूर्ण स्वरूपात बाजारात आला आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची कंपनी मोजांग विकत घेतली. आज त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला जावा एडिशन. हा मूळ गेम, फक्त कॉम्प्युटरवर चालतो. दुसरा बेडरॉक एडिशन. हा वेगळ्या प्रोग्रॅमिंग भाषेत नव्याने लिहिलेला आहे आणि विंडोज, मोबाईल, एक्सबॉक्स, प्लेस्टेशन अशा बऱ्याच ठिकाणी मिळतो. २०२२ पासून विंडोज कॉम्प्युटरसाठी हे दोन्ही एकाच खरेदीत मिळतात, त्यामुळे "यातला कोणता घेऊ" हा जुना प्रश्न आता राहिला नाही.

पण इथे पालकांचा एक गोंधळ होतो. कॉम्प्युटरसाठी घेतलेला गेम मोबाईलवर चालत नाही. अँड्रॉइडवर तो प्ले स्टोअरमधून वेगळा विकत घ्यावा लागतो. आणि जावावाला खेळाडू बेडरॉकवाल्यासोबत एका जगात खेळू शकत नाही. शेजारचा मित्र मोबाईलवर खेळत असेल तर त्याच्याबरोबर खेळताना तुमच्या मुलाला बेडरॉकच उघडावा लागेल. तेव्हा मुलाला आधी विचारा, "तुझे मित्र कशावर खेळतात?" पुढची निम्मी भांडणं वाचतील.

किंमत एकदाच भरायची असते. 'रिल्म्स' नावाची दर महिन्याला पैसे घेणारी सेवा वेगळी आहे, ती घेतली नाही तरी गेम पूर्ण चालतो. आणखी एक, 'माइनक्राफ्ट एज्युकेशन' हे शाळांसाठीचं वेगळं प्रॉडक्ट आहे. त्याला शाळेने दिलेलं अकाउंट लागतं. नावात एज्युकेशन आहे म्हणून मुलासाठी तेच घ्यायला जाऊ नका.

आधी फुकट चालवून बघा

हे मला माहीत होतं आणि तरी मी केलं नाही, याचा अजून राग येतो. जावा एडिशनचा डेमो फुकट मिळतो. लाँचर डाउनलोड करायचा, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करायचं आणि डेमो सुरू करायचा. गेममधला एक दिवस खऱ्या २० मिनिटांचा असतो आणि डेमोत असे पाच दिवस मिळतात, म्हणजे १०० मिनिटं. एखादं मशीन हा गेम पेलतं की नाही हे कळायला एवढा वेळ भरपूर झाला. डेमो नीट चालला तर विकत घेतलेला गेमही चालणार, कारण आत इंजिन तेच आहे. दुकानदाराला विचारू नका, यूट्यूबवर "४ जीबी रॅममध्ये चालतो का" असे व्हिडिओ शोधत बसू नका. तुमच्या मशीनवर डेमो चालवा, विषय संपला.

अकाउंट कोणाच्या नावावर?

गेम विकत घेतला म्हणजे तो लॅपटॉपवर आला असं आपण समजतो. प्रत्यक्षात तो अकाउंटला चिकटतो. लॅपटॉप बदलला तरी चालतं, नवीन मशीनवर त्याच अकाउंटने लॉगिन केलं की गेम हजर. पण एका अकाउंटवरचा गेम दुसऱ्या अकाउंटवर हलवता येत नाही.

मी काय केलं होतं? माझ्याच अकाउंटवर घेतला. म्हणजे भाच्याच्या लॅपटॉपवर माझं लॉगिन, आणि गेममधलं नावही मी कॉलेजात ठेवलेलं. माझ्या त्या अकाउंटला ईमेल जोडलेला, कार्ड जोडलेलं. शिवाय त्या अकाउंटवर माझं वय मोठं, म्हणजे लहान मुलांसाठी असलेली कुठलीच बंधनं लागू नाहीत. अनोळखी सर्व्हरवर कोणीही त्याच्याशी चॅट करू शकलं असतं. शेवटी त्याच्या नावाचं अकाउंट उघडून गेम दुसऱ्यांदा घेतला, यावेळी माझ्या पैशाने. चूक माझी, त्याच्या गल्ल्यातून का भरायची?

बरोबर पद्धत अशी. आधी पालकाचं मायक्रोसॉफ्ट अकाउंट हवं. मग मुलाचं वेगळं अकाउंट उघडायचं, खरी जन्मतारीख टाकून. "कटकट नको" म्हणून लोक इथे १९९० टाकतात आणि मग पालकांच्या हातात काहीच राहत नाही. मुलाचं अकाउंट पालकाच्या फॅमिली ग्रुपमध्ये जोडायचं. त्यानंतर खेळायची वेळ, खरेदीची परवानगी, अनोळखी लोकांशी बोलणं, हे सगळं पालकाच्या फोनवरून ठरवता येतं. गेमसाठी टोपणनाव निवडताना मुलाचं खरं नाव, शाळा, गाव त्यात येऊ देऊ नका.

पैसे भरताना कार्ड नाकारलं गेलं तर लगेच घाबरू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मार्च २०२० पासून नवीन कार्डावर ऑनलाइन आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरुवातीला बंदच असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते चालू करायचे, मर्यादा कमी ठेवायची आणि काम झालं की पुन्हा बंद करायचे. मुलाच्या अकाउंटवर कार्ड सेव्ह करून ठेवू नका, गेमच्या आत विकत घेण्यासारखं बरंच काही असतं.

ती एरर आली कुठून?

आता मूळ दुखणं. व्हिडिओ कॉल लावला आणि ताईला म्हटलं, "स्टार्ट बटणावर राइट क्लिक कर, डिव्हाइस मॅनेजर उघड, डिस्प्ले अडॅप्टर्सच्या खाली काय लिहिलंय ते वाच." ती म्हणाली, "मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर." तिथेच उलगडा झाला.

गेम ग्राफिक्स चिपशी थेट बोलत नाही. तो ओपनजीएल नावाच्या ठरलेल्या भाषेत सांगतो की इथे एक चौकोन काढ, त्यावर हे चित्र लाव. ते चिपला समजेल अशा भाषेत सांगायचं काम ड्रायव्हरचं. इंटेलच्या चिपसाठी इंटेलचा ड्रायव्हर, एनव्हीडियासाठी एनव्हीडियाचा. खरा ड्रायव्हर नसेल तर विंडोज स्वतःचा एक कामचलाऊ ड्रायव्हर लावतं, त्याचंच नाव बेसिक डिस्प्ले अडॅप्टर. त्यावर स्क्रीन दिसते, वर्ड चालतं, व्हिडिओ रखडत का होईना चालतो. पण या गेमला लागणारं ओपनजीएल त्याला येत नाही. म्हणून गेम पहिल्याच पायरीवर थांबतो आणि ६५५४२ दाखवतो. ही एरर आली की गेम पुन्हा पुन्हा डिलीट करून टाकण्यात काहीच अर्थ नसतो. दुखणं गेममध्ये नाहीच.

हा लॅपटॉप काही महिन्यांपूर्वी फॉरमॅट करून आणला होता. ज्याने केला त्याने विंडोज टाकलं, ड्रायव्हर नाही टाकले. एरवी विंडोज अपडेटने ते आपोआप आणले असते. पण घरी नेट म्हणजे भावजींच्या मोबाईलचा हॉटस्पॉट, आणि डेटा वाचावा म्हणून ते कनेक्शन 'मीटर्ड' करून ठेवलेलं. मीटर्ड कनेक्शनवर विंडोज सहसा ड्रायव्हर उतरवत नाही. मीटर्ड बंद केलं, विंडोज अपडेटमधल्या ऑप्शनल अपडेट्समध्ये जाऊन ड्रायव्हर निवडला, रीस्टार्ट केलं. आता डिस्प्ले अडॅप्टर्सखाली 'इंटेल एचडी ग्राफिक्स ४०००' दिसायला लागलं आणि गेम उघडला. अपडेटमध्ये ड्रायव्हर दिसत नसेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून तो शोधायचा. "ड्रायव्हर अपडेटर" म्हणून फुकट मिळणारी सॉफ्टवेअर मात्र टाळा.

आमचं नशीब की चिप एचडी ४००० निघाली. माइनक्राफ्टच्या १.१७ या आवृत्तीपासून ओपनजीएल किमान ३.२ लागतं. एचडी ४००० ला ४.० येतं. त्याच्या आधीच्या एचडी ३००० ला विंडोजवर ३.१ च येतं, म्हणजे थोडक्यात हुकतं. अशा मशीनवरही आशा सोडू नका. लाँचरमध्ये 'इन्स्टॉलेशन्स' या टॅबवर जाऊन १.१६.५ किंवा त्याहून जुनी आवृत्ती निवडता येते, त्याचे वेगळे पैसे नाहीत. फक्त नव्या आवृत्तीत बनवलेलं जग जुन्या आवृत्तीत उघडू नका, ते बिघडू शकतं. तसंच १.२०.५ पासून जावा २१ आणि ६४ बिटचं विंडोज लागतं. जावा लाँचर स्वतःच आणतो, ते शोधत फिरू नका. पण विंडोज ३२ बिटचं असेल तर नवीन आवृत्ती विसरा.

उघडला, पण अडखळतोय

पुढची तक्रार दुसऱ्या दिवशी आली. "मामा, चालतोय पण हँग मारतोय." लॅपटॉपची रॅम ४ जीबी.

माइनक्राफ्टचं जग चंक नावाच्या तुकड्यांचं बनलेलं असतं. एक चंक १६ बाय १६ ठोकळ्यांचा. 'रेंडर डिस्टन्स' १२ ठेवला तर तुमच्या चारही बाजूंना १२ चंक, म्हणजे २५ गुणिले २५, एकूण ६२५ चंक मशीनला सांभाळावे लागतात. तोच आकडा ६ केला तर १३ गुणिले १३, म्हणजे १६९. आकडा निम्मा केला आणि काम जवळजवळ पाव झालं! बाकी सेटिंग्ज नंतर बघा, आधी हे एक बदला. त्यात १.१८ पासून जगाची उंची २५६ ठोकळ्यांवरून ३८४ झाली आहे, म्हणजे प्रत्येक चंक पूर्वीच्या दीडपट. "अमक्याच्या जुन्या लॅपटॉपवर मस्त चालायचा" असं कोणी सांगितलं तर ते खरं असेलही, पण तो गेम हलका होता.

त्यानंतर ग्राफिक्स 'फास्ट' आणि ढग बंद. भाच्याला ढग गेल्याचं वाईट वाटलं. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतील तर विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन गेमला 'हाय परफॉर्मन्स' निवडून द्या. नाहीतर चांगली चिप बसून राहते आणि साधी चिप घाम गाळते. गेममध्ये एफ३ दाबलं की उजवीकडे कोणती चिप वापरली जातेय ते दिसतं. काही लॅपटॉपवर एफएन आणि एफ३ एकत्र दाबावं लागतं.

आणि एक सल्ला जो सगळीकडे मिळतो आणि ४ जीबीवाल्यांचं नुकसान करतो: "जावाला जास्त रॅम द्या." लाँचर साधारण २ जीबी देतो. ४ जीबीच्या मशीनवर तुम्ही ते ३ केलंत तर विंडोजला आणि ग्राफिक्स चिपला काय उरलं? अशा लॅपटॉपमध्ये चिपसुद्धा त्याच रॅममधून वाटा घेते. मग विंडोज डेटा हार्डडिस्कवर सरकवायला लागतं आणि गेम आणखी अडखळतो. २ वरच राहू द्या, आणि खेळताना ब्राउझर बंद ठेवा.

स्वस्तातला आणि फुकटातला

ताईच्या ओळखीतल्या कोणीतरी "दोनशे रुपयांत लाइफटाइम अकाउंट" अशी लिंक पाठवली होती. अशी अकाउंट बहुतेक वेळा कोणाची तरी चोरलेली असतात. मूळ मालकाने पासवर्ड बदलला की दोनशे रुपये आणि मुलाने महिनाभर बांधलेलं घर, दोन्हींचा भरवसा नाही. क्रॅक केलेल्या लाँचरचं तर विचारूच नका. ज्या लॅपटॉपवर तुम्ही नेटबँकिंग करता, त्यावर कोणीतरी बदललेला प्रोग्रॅम चालवायचा, तेही मुलाच्या हातून.

मॉड टाकतानाही जपून. जून २०२३ मध्ये 'फ्रॅक्चरायझर' नावाचा व्हायरस माइनक्राफ्टच्या मॉडमधून पसरला होता, आणि तो कर्सफोर्ज आणि बुक्किट यांसारख्या नावाजलेल्या ठिकाणच्या मॉडमध्ये सापडला. मुलाला लॅपटॉपवर अ‍ॅडमिन नसलेलं वेगळं युझर अकाउंट करून द्या. निदान काहीही इन्स्टॉल करायच्या आधी तो तुमच्याकडे येईल.

तिकडे आता रेंडर डिस्टन्स ६ वर गेम बरा चालतोय. एकदा ऑनलाइन लॉगिन झालं की एकट्याने खेळायला नेट लागत नाही, त्यामुळे भावजींचा डेटाही वाचतो. मागच्या रविवारी भाच्याने मित्राच्या सर्व्हरवर जायचा प्रयत्न केला, तेव्हा "मल्टिप्लेअर बंद आहे, अकाउंट सेटिंग्ज बघा" असा मेसेज आला. तो बिघाड नव्हता, लहान मुलाच्या अकाउंटला पालकाची परवानगी लागते ती ही. ती एक्सबॉक्सच्या प्रायव्हसी सेटिंग्जमध्ये पालकाने स्वतःच्या अकाउंटने लॉगिन करून द्यायची असते. ताईला ती कशी द्यायची हे मी दाखवलंय. पण परवानगी आणि ८ जीबी रॅम, दोन्ही तिने वार्षिक परीक्षेनंतर ठेवलंय.